कात्रीचा काळ

ब्रेकर हिल, पेनसिल्व्हेनिया
४ मार्च २०१९

श्री. बर्नार्ड साबोल यांस,

कार्डं जमवणाऱ्यांच्या आपल्या फोरमवर मी लिहिलेले निरोप तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. तशी व्यवस्था तुम्हीच केली आहे, म्हणून हे कागदावर लिहून टपालात टाकते आहे. वर ‘प्रिय’ नाही आणि ‘बर्नीकाका’ही नाही. ते विसरून राहिलेलं नाही.

पत्र कामाचं आहे. खेळाडूंची चित्रं छापलेल्या जुन्या बेसबॉल कार्डांचे कालखंड पाडणारा फोरमवरचा तक्ता तुमचा. तो नव्यानं लिहायचं काम फोरमच्या मंडळानं माझ्याकडे दिलं आहे, कारण माझ्याकडे इतिहासाची पदवी आहे आणि मी हे फुकट करते. मंडळाची अपेक्षा अशी की मी चार चित्रं घालावीत, भाषा जरा सारखी करावी आणि खाली तुमचं नाव तसंच ठेवावं. पण मला एखादी गोष्ट करायला दिली की मी ती आधी वाचते.

तुम्ही पाच काळ पाडलेत. पहिला तंबाखूचा, सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत घातलेल्या कार्डांचा. मग कॅरॅमल-गोळ्यांचा. मग च्युइंगमचा. मग महायुद्धाची मोकळी वर्षं, जेव्हा कागद दुसऱ्याच कामाला लागला होता. आणि शेवटी युद्धानंतरचा काळ. त्या शेवटच्या काळापुढे तुम्ही एक ओळ लिहिली आहे: ‘या काळातलं प्रत्येक कार्ड कारखान्यात यंत्रानं कापलेलं आहे. ते मापाला कमी भरलं तर मागाहून छाटलेलं समजावं.’

ही ओळ खोटी आहे. डोरनाक सॉसेजच्या पुठ्ठ्याच्या डब्याच्या पाठीवर तीन-तीन खेळाडू छापलेले असायचे, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? साठ-एकसष्टच्या सुमाराची ती कार्डं आहेत, म्हणजे तुमच्या शेवटच्या काळातली. त्यांच्याभोवती ठिपक्यांची रेघ आहे आणि रेघेवर चिमुकल्या कात्रीचं चित्र आहे. कारखानाच सांगतो आहे की घरी कापून घ्या. अख्ख्या कोळसापट्ट्यात ती घरोघरी कापली गेली. ती यंत्राच्या मापाला कशी भरतील? तुम्ही काळ पाडलेत ते कोणत्या कंपनीनं विकलं यावरून. कार्ड कोणाच्या हातानं घरात आलं, हा प्रश्न तुमच्या तक्त्याला पडलाच नाही.

आणि त्या एका ओळीच्या जोरावर तुम्ही जानेवारीत माझ्या वडिलांचं नाव सदस्यांच्या यादीतून खोडलंत. ओहायोच्या कर्टिस ब्लेनबरोबर त्यांनी कार्डांची अदलाबदल केली. त्यांचं डोरनाकचं कार्ड, रे मॅकडू नावाच्या गोलंदाजाचं, कर्टिसनं पारदर्शक मापपट्टीखाली ठेवलं. चारही बाजूंनी केसभर कमी भरलं. त्यानं तक्रार केली, आणि तुम्ही लेनी युर्कोनिस या नावापुढे एक शब्द लिहिलात: ‘छाटणारा’.

आपल्या लोकांत त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. झिजलेल्या कडा कापून कार्ड कोरं म्हणून खपवणारा. गवळ्याला दुधात पाणी घालणारा म्हणावं, तसं ते आहे. त्यावर तुमची सही आहे आणि खाली एक वाक्य आहे: ‘नियम सगळ्यांना सारखा.’

नियम चुकीचा असेल तर तो सगळ्यांना सारखा चुकीचा होतो, एवढंच. मी सहावा काळ लिहिणार आहे, घरी कापलेल्या कार्डांचा. तुम्ही तुमची ओळ मागे घ्यावी आणि वडिलांच्या नावापुढचा शब्द काढावा, अशी विनंती करते. हे पत्र वडिलांच्या संमतीनं लिहिलं आहे.

कोरिन युर्कोनिस


ब्रेकर हिल
२२ मार्च

श्री. साबोल,

तुमचं उत्तर आलं नाही. दुसरीकडून मात्र आलं. मे महिन्यात इथल्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये कार्डांचा मेळा भरतो, त्यात वडिलांना टेबल मिळणार नाही, असं मंडळानं कळवलं. दरवर्षी दाराच्या डावीकडचं टेबल त्यांचं असायचं, आणि शेजारच्या खुर्चीवर तुम्ही. त्या हॉलच्या छपरावर वडिलांनी स्वतः पत्रे ठोकलेत. आता त्याच हॉलमध्ये ओहायोहून येणारा माणूस टेबल मांडणार, आणि यांनी बाहेर उभं राहायचं.

मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि कार्डांची खोकी तळघरात नेऊन ठेवली. मग स्कूलबसच्या फेरीला गेले. मुलं उतरताना ते प्रत्येकाला नावानं हाक मारतात, त्या दिवशीही मारली असणार. मी म्हटलं, बाबा, तुम्ही काहीतरी बोला. तर म्हणाले, “कार्डंच आहेत, कोरी. कोणी मेलं नाही.”

मला हे शहाणपण पटत नाही. माणूस मूग गिळून बसला की लोक समजतात, चूक त्याचीच. फोरमवर आत्ताच असं चाललं आहे. कोणी लिहितं, ‘लेनी भला माणूस होता, पण मोह कोणाला सुटत नाही.’ होता. जणू त्यांचं दफन उरकलं. मी तक्त्याबद्दल काही विचारलं की कर्टिस ब्लेन उत्तर देतो, “पोरी, तू चित्रं लाव. कालखंड मोठ्या माणसांवर सोड.” मी पंचवीस वर्षांची आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली आहे. वडिलांनी ती पदवी चौकटीत घालून टीव्हीच्या वर लावली आहे, आणि पाहुण्यांना ती दाखवताना टीव्हीचा आवाज बंद करतात. त्यांच्यासाठी तरी मी नुसती चित्रं लावणार नाही.

आणखी एक. फोरमवरचे जुने धागे वाचताना तुम्हा सगळ्यांचा लाडका विनोद मला ठायी ठायी दिसला: ‘आईनं फेकून दिली.’ आज माझ्याकडे अमुक कार्ड असतं, पण आईनं बुटांच्या खोक्यासकट कचऱ्यात टाकलं. प्रत्येकाकडे हीच गोष्ट आहे आणि प्रत्येक वेळी खाली हशा आहे. कार्डं दुर्मीळ का झाली, तर आयांमुळे. मुलांनी ती सायकलच्या चाकात अडकवून फडफडवली, भिंतीवर आपटून खेळली, त्यांच्यावर पेननं मिशा काढल्या, त्याचा कुठे हिशोब नाही. डोरनाकचा डबा कोण विकत आणत होतं, सॉसेज कोण उकळत होतं, डबा पुसून कार्ड कोण कापून देत होतं, हे तुमच्या पाचही काळांत कुठेच नाही. आई तुमच्या इतिहासात एकदाच येते, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन.

तुम्हीही ती गोष्ट लिहिली आहे. ‘माझी तर आईनं डब्यासकट फेकली, मी शाळेतून येईपर्यंत गाडी गेली होती.’ त्यावर सगळ्यात जास्त हसू तुम्हालाच मिळालं आहे.

एक मे रोजी तक्ता प्रसिद्ध होईल. उत्तराची वाट पाहते.

कोरिन युर्कोनिस


ब्रेकर हिल
६ एप्रिल

श्री. साबोल,

काल शुक्रवार होता. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात बायका पिरोगी करतात, हे तुम्ही विसरला नसाल. बटाट्याचं सारण भरायचं, करंजीसारख्या कडा दाबायच्या आणि डझनांनी विकायच्या. मी आयरीन आत्याच्या शेजारी बसले होते. वडिलांची थोरली बहीण, तेव्हा तिला सगळं माहीत असतं आणि विचारल्याशिवाय ती काही सांगत नाही. मी विचारलं, आजीनं डोरनाकची कार्डं कशी कापली होती?

आत्यानं हातातली पिरोगी खाली ठेवली नाही. म्हणाली, “रेघेच्या आतून. शर्टाच्या कारखान्यात होती ना ती. खडूची खूण शिवलेल्या मालावर दिसली तर तपासणारी बाई माल परत फेकायची. म्हणून ठिपके दिसता कामा नयेत. बाकीच्या आया रेघेबाहेरून कापायच्या, जाड कडा ठेवून. आमच्या आईचं कार्ड बघावं तर कडेला एक ठिपका नाही.”

म्हणजे कार्ड चारही बाजूंनी केसभर लहान. कर्टिसच्या मापपट्टीनं जो गुन्हा पकडला, तो माझ्या आजीचा शर्टाच्या कारखान्यातला हात आहे. मला तिथल्या तिथे उठून ओरडावंसं वाटलं. मी आत्याला म्हटलं, हे मी लिहून सगळ्यांना सांगते. तर ती म्हणाली, “बर्नीला सांग की. त्याला माहीतच आहे. त्याचीही तिनंच कापली.”

मी हे वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

तुमची आई तुम्ही सहा वर्षांचे असताना गेली. डोरनाकची कार्डं आली तेव्हा तिला जाऊन बराच काळ झाला होता. तुमचे वडील खाणीच्या पाळीवर, आणि तुम्ही शाळा सुटली की आमच्या स्वयंपाकघरात. आत्या सांगत होती, टेबलाच्या एका टोकाला तुम्ही, एका टोकाला माझे वडील, मधे आजी कात्री घेऊन. दोघं कायम भांडायचात, त्याचं मोठं, माझं लहान. आजी दोन्ही कार्डं एकावर एक ठेवायची, तुमचं वर, वडिलांचं खाली, आणि म्हणायची, “बघा गाढवांनो, सारखी आहेत.” मग भांडण मिटायचं आणि सूप वाढलं जायचं.

ती कार्डं कोणी फेकली नाहीत. आजी गेली तेव्हा दफनानंतरच्या जेवणाच्या वेळी तुम्ही बिस्किटांच्या डब्यातून ती काढून आत्याला दाखवलीत. आत्याला ते आठवतं. तुम्ही रडत होतात, हेही आठवतं.

तर मग आता मला सांगा. कर्टिसची तक्रार तुमच्यापुढे आली तेव्हा त्या कार्डाची कड तुम्ही ओळखलीत की नाही? आत्या सोडली तर सगळ्या देशात ती कड ओळखणारी दोन माणसं जिवंत आहेत, एकाला तुम्ही छाटणारा ठरवलंत आणि दुसरे तुम्ही आहात. तुम्ही फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की थांबा, हे कोणी कापलं ते मला माहीत आहे. पण मग लोकांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत? आणि ‘आईनं फेकून दिली’ ही तुमची गोष्ट उघडी पडली असती. एक विनोद टिकावा म्हणून तुम्ही मित्राचं नाव मातीत घातलंत. जिनं तुम्हाला जेवू घातलं तिची कात्री लबाडाची ठरवलीत.

एक मे रोजी तक्ता प्रसिद्ध होईल. सहाव्या काळाखाली मी लिहिणार आहे की आल्दोना युर्कोनिसनं कोणाकोणाची कार्डं कापली. नावानिशी. त्याआधी तुम्ही स्वतः सांगितलंत तर उत्तम.

कोरिन युर्कोनिस


ब्रेकर हिल
२ मे

श्री. साबोल,

तक्ता तुम्ही पाहिला असेल. त्यात तुमचं नाव नाही. ते का नाही, हे सांगायला लिहिते आहे. मी घाबरले असा तुमचा समज व्हायला नको.

आत्यानं वडिलांना सांगितलं की मी तुम्हाला पत्रं लिहिते. पहिल्या पत्रात मी त्यांची संमती आहे असं लिहिलं होतं. ती नव्हती.

ते बस धूत होते. मला म्हणाले, बादली धर. मी धरली. चाकं धुता धुता ते बोलायला लागले. त्यांचे शब्द जसे आठवतात तसे लिहिते, कारण हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

“त्याची आई गेली तेव्हा सगळी गल्ली त्याला बिचारा म्हणायला लागली. बिचारा बर्नी, याला खाऊ द्या. त्याला तो शब्द सोसायचा नाही. शाळेत नवी मास्तरीण आली की हा सांगायचा, आई कामाला गेलीय. खेळता खेळता म्हणायचा, चला, उशीर झाला, आई ओरडेल. आणि पळत घरी जायचा. घरी कोणी नसायचं, कोरी. दिवासुद्धा लावलेला नसायचा. मी त्याच्या मागून जाऊन पाहिलंय. मी कधी कोणाला बोललो नाही. आता आम्ही सत्तरीला आलो. आता बोलू?”

मी म्हटलं, पण त्यानं तुमच्यावर लबाडीचा शिक्का मारला.

ते म्हणाले, “मारला. ते त्याचं त्यानं बघावं. तू त्याची आई चव्हाट्यावर आणायची नाहीस.”

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मला अजूनही वाटतं की त्यांचं चुकतं आहे. हा असला चांगुलपणा मला समजत नाही, ज्याची किंमत कायम एकाच माणसानं मोजायची. मी शिकले ते खरं काय ते शोधून मांडायला शिकले, झाकायला नाही. पण ‘आईनं फेकून दिली’ या वाक्यावर मी तुम्हाला किती बोलले ते मला पुन्हा वाचवेना. सगळे हसत होते, आणि तुम्हालाही त्यांच्यासारखी एक आई हवी होती, ओरडणारी, कार्डं फेकणारी. एवढं मला कळलं. राग गेला आहे असं समजू नका. तो आता जरा दुसऱ्या जागी जाऊन बसला आहे.

म्हणून सहावा काळ मी असा लिहिला: कात्रीचा काळ. सॉसेजच्या, पावाच्या, बिस्किटांच्या डब्यांवरून घरी कापलेली कार्डं. यात कापणाऱ्याचा हात हाच कारखाना. माप घरागणिक वेगळं. उदाहरण म्हणून युर्कोनिस यांच्या घरची पद्धत दिली, ठिपक्यांच्या आतून, आणि कारणही दिलं. तुमच्याबद्दल एक अक्षर नाही. खोटंही लिहिलेलं नाही. तुमचं खरं सांगण्याचा हक्क माझा नव्हता, म्हणून ते मी सोडून दिलं.

आणि त्याचं फळ काय मिळालं तेही पाहिलंत ना? कर्टिस ब्लेननं खाली लिहिलं, ‘प्रत्येक छाटणाऱ्याला एक आजी असतेच.’ त्याला संध्याकाळपर्यंत जेवढी वाहवा मिळाली तेवढी माझ्या सहा काळांना मिळून मिळाली नाही. तो असंही म्हणतो की बापाला वाचवायला मुलीनं अख्खा कालखंड शोधून काढला. मेळ्याला तो ते कार्ड घेऊन येणार आहे, छाटलेलं कसं ओळखावं हे नवख्यांना दाखवायला. टेबलावर, पाटी लावून.

माझ्या आजीचं काम, पाटी लावून.

बोलू शकणारा माणूस आता एकच आहे. मी तुम्हाला धमकी देत नाही, विनंतीही करत नाही. तुम्हाला माहीत असावं, एवढंच.

कोरिन


ब्रेकर हिल
२० मे

बर्नीकाका,

शनिवारी तुम्ही इतक्या झटकन निघून गेलात की तुमची टोपी हॉलमध्ये राहिली. ती आत्याकडे आहे. पण हे पत्र टोपीसाठी नाही. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि तुम्ही समोर होतात तेव्हा ती मलाही माहीत नव्हती.

आधी शनिवारबद्दल. तुम्ही दारातून आलात तेव्हा मी तिकिटं फाडत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, मीही पाहिलं नाही. तुमच्या काखेत बिस्किटांचा डबा होता. वडील स्वयंपाकघरात धिरड्यांसारख्या बटाट्याच्या ब्लीनी तळत होते. टेबल नाही तर नाही, दलाच्या सदस्यानं मेळ्याला तळायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही सरळ कर्टिसच्या टेबलापाशी गेलात. तिथे नवी मुलं जमली होती आणि तो मॅकडूच्या कार्डावर मापपट्टी ठेवून समजावत होता. तुम्ही डब्यातून एक कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलंत, हर्ब टॅलिनचं, डोरनाकचंच, आणि म्हणालात, “हे मोज.”

त्यानं मोजलं. मला त्याचा चेहरा आवडला नाही, पण मोजणं प्रामाणिक होतं. म्हणाला, “हेही कमीच आहे. कोणी टेकवलं तुला? तुझी तर आईनं फेकली होती ना?” आणि लोक सवयीनं हसले.

तुम्ही जे बोललात ते मी शब्दाशब्दानं लिहून ठेवलं आहे. “माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. तिनं काहीच फेकलं नाही. हे आल्दोनाकाकूनं कापलं, लेनीच्या आईनं. जे तू पाटी लावून ठेवलंयस तेही तिनंच कापलं. मी समोर बसलो होतो. कार्ड पाहिल्याबरोबर मी ओळखलं होतं आणि गप्प बसलो.”

हशा थांबला. कर्टिसनं पाटी उचलली, ती कुठे ठेवावी त्याला सुचेना, शेवटी खुर्चीखाली सरकवली. मग तुम्ही स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारलीत, लेनी, जरा बाहेर ये. वडील आले, गळ्यात एप्रन, हाताला पीठ. तुम्ही मॅकडूच्या कार्डावर टॅलिनचं कार्ड ठेवलंत, एकावर एक.

वडिलांनी हात एप्रनला पुसले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “तुझं मोठं आहे.”

“सारखी आहेत, गाढवा.”

“मोठं आहे. तेव्हाही होतं.”

तुम्ही हसलात, मग तुमच्यानं हसवेना, आणि तुम्ही निघालात. दोन्ही कार्डं आणि तुमचा डबा टेबलावरच राहिले. कर्टिसनं मॅकडूचं वडिलांना परत केलं आणि अदलाबदलीत दिलेलं स्वतःचं कार्ड मागून घेतलं. माफी मागितली नाही. ‘नियमात सुधारणा करावी लागेल’ असं म्हणाला. कालपर्यंत तो नियम दगडावर कोरलेला होता.

आता राहिलेली गोष्ट. रविवारी मी दोन्ही कार्डांचे फोटो तक्त्यात घालायला बसले. आधी तुम्ही ठेवली होती तशीच एकावर एक ठेवली, कडा बरोबर. मग फोटोसाठी उलटी ठेवली, वडिलांचं वर, तुमचं खाली.

खालून कड दिसली. उजवीकडे आणि खालच्या बाजूला, केसाएवढी पांढरी रेघ. मी डब्यातली बाकीचीही काढली आणि वडिलांच्या कार्डांखाली ठेवून पाहिली. सगळी तशीच. तुमची सगळी कार्डं वडिलांच्या कार्डांपेक्षा किंचित मोठी आहेत. एखादं असतं तर कात्री हलली म्हटलं असतं. आजीची कात्री हलत नव्हती. आणि भांडण मिटवताना ती तुमचं कायम वर ठेवायची. वरून पाहणाऱ्याला खालचं लहान दिसत नाही.

मी ती घेऊन वडिलांकडे गेले. म्हटलं, बाबा, तुम्ही खरं बोलत होता. आजीनं त्यांना मोठं दिलं.

त्यांनी चष्मा लावायचीही तसदी घेतली नाही. म्हणाले, “मग? मला काय ते आज कळलंय?”

मी विचारलं, तर मग इतकी वर्षं भांडत का होतात? ते म्हणाले, “भांडलो नसतो तर त्याला कळलं असतं ना. बिचारा म्हणून सोडून दिलं, असं वाटलं असतं त्याला.”

त्यांनी सांगू नकोस असं म्हटलेलं नाही. म्हणून सांगते आहे.

तक्त्यात दोन्ही कार्डं शेजारी शेजारी लावली आहेत. खाली लिहिलं आहे: ‘आल्दोना युर्कोनिस, शर्ट कारखान्यातील कामगार, यांनी दोन मुलांसाठी कापलेली.’ मापं दोन्हींची वेगळी दिली आहेत. कारण विचारणाऱ्याला मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि अजून एक. आज सकाळी मी यादी पाहिली. वडिलांचं नाव परत आलं आहे, पण जुन्या नोंदीत तो शब्द तसाच आहे. तो तुमच्या हातचा आहे, तुम्हीच काढायचा. भर हॉलमध्ये बोललात म्हणून तो आपोआप पुसला जात नाही. तो निघाला की पुढच्या पत्रात ‘प्रिय’ लिहीन.

डबा वडिलांपाशी आहे. ते म्हणतात, टोपी आणि डबा एकदमच न्यायला ये, आणि जेवायच्या वेळेला ये.

कोरी